सपाट मुलखाचं देणं

सोलापूर जिल्ह्यातल्या मुलीनं डोंगर कसे घडतात याचा अभ्यास करावा, याचं अनेकांना नवल वाटायचं. पुण्यात संशोधनाला गेले तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्याकडे डोंगर आहेत कुठे?" प्रश्न चुकीचा नव्हता. कुर्डुवाडीहून सोलापूरला रेल्वेनं निघावं तर माढा, अनगर, मोहोळ, पाकणी, बाळे अशी स्टेशनं मागे पडतात आणि नजरेला अडवणारं काहीच येत नाही. ज्वारीची रानं, बाभळी, मधूनच सीनेचं कोरडं पात्र. बार्शीच्या वर बालाघाटाची कड दिसते तेवढीच. पण या सपाटीचाच इतिहास डोंगरांनी आणि द्रोणींनी, म्हणजे गाळानं भरलेल्या खोलगटांनी, लिहिलेला आहे, हे मला आयुष्यात काही माणसांनी दाखवून दिलं. ती माणसं भेटली नसती तर मी याच जमिनीवर जन्मभर चालत राहिले असते आणि पायाखाली काय आहे ते मला कळलं नसतं. आता नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते देणं नीट मांडून ठेवावंसं वाटतं.

पहिलं देणं आप्पांचं. आप्पा वडार समाजातले, विहिरी खणणारे. घरात तेलुगू वळणाची बोली, आमच्याशी मराठी. बार्शी तालुक्यात माझ्या मामांच्या रानात विहीर काढायला त्यांची टोळी उन्हाळाभर पाल ठोकून होती. शाळेला सुट्टी असल्यानं मी दिवसभर त्या खड्ड्याच्या काठावर. वर हातभर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला मुरूम, मग मांजऱ्या. हा राखाडी, भुसभुशीत दगड. त्याला बारीक बारीक भोकं आणि त्या भोकांत पांढरे, चमकणारे खडे भरलेले. त्या खड्यांना जिओलाइट म्हणतात हे पुढे कॉलेजात कळलं. त्या उन्हाळ्यात मी ते नुसते फ्रॉकच्या खिशात भरून घेत असे. मांजऱ्याच्या खाली आणखी खोल गेल्यावर विहिरीच्या चारही अंगांनी एकाच उंचीवर एक लाल पट्टा निघाला. जाडी वीतभर. त्याच्याखाली काळा फत्तर, घण मारला की टण्ण वाजणारा.

आप्पांनी त्या लाल पट्ट्यातला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "बाळ, हा दगड न्हाई. माती हाय. भाजल्याली माती, विटंगत." मी विचारलं, "आप्पा, इतक्या खाली माती कोण भाजणार?" त्यावर ते नुसते हसले आणि पहार घेऊन परत उतरले. पट्ट्याच्या वरच्या अंगानं पाणी झिरपतं, पट्टा चिकणमातीचा असल्यानं पाण्याला खाली जाऊ देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यावर त्यांची रोजीरोटी होती.

त्या विहिरीत दख्खनच्या बांधणीची सगळी रीत उघडी पडली होती. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, ऊनपावसानं त्याची वरची बाजू कुजून माती व्हायची, तोवर दुसरा लोंढा यायचा आणि त्या मातीला भाजून काढायचा. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून मांजऱ्या होतो, पोटात घट्ट काळा बेसाल्ट राहतो. आज शिल्लक असलेलं हे लाव्ह्याचं पठार पाच लाख चौरस किलोमीटरचं आहे. आप्पांना आकडे ठाऊक नव्हते. पण थर ओळखायचा कसा, त्याला हात लावून, आवाज ऐकून, रंग पाहून, हे मी त्यांच्याकडून शिकले. पुढे अनेक प्रयोगशाळांत बसले. दगडाशी पहिली ओळख मात्र त्या विहिरीतली.

दुसरं देणं छापील शब्दांचं. कुर्डुवाडीत वडील बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीचं काम करणाऱ्या कारखान्यात होते. त्यांचं शिक्षण बेताचं, पण वाचनालयाची वर्गणी त्यांनी कधी थकवली नाही. तिथे वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचे खंड येऊ लागले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. भूविज्ञानाच्या नोंदी वाचून झाल्या की खाली लेखकाचं नाव पुन्हा पुन्हा दिसायचं : क. वा. केळकर. त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण पर्वत कसे उभे राहतात, समुद्राचा तळ कसा वर येतो, हे मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या मराठीत. कारखान्यातल्या फिटरच्या मुलीला कळेल अशा भाषेत एका प्राध्यापकानं कष्टानं लिहून ठेवलं होतं, म्हणून मी विज्ञान शाखेत भूविज्ञान हा विषय मागून घेतला. त्या वर्गात मुली जवळपास नव्हत्याच. वडिलांनी एवढंच विचारलं, "या विषयात रानोमाळ हिंडावं लागतं ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॅनव्हासचे बूट आणून दिले.

सोलापुरात कॉलेजात सर भेटले. आपलं नाव छापू नये असं त्यांचं सांगणं होतं, ते मी पाळते. पहिल्याच सहलीला ते आम्हाला डोंगराकडे न नेता उलट दिशेला, पूर्वेला घेऊन गेले. म्हणाले, "ज्या फरशीवर बसून अभ्यास करतेस, ती कुठून आली ते आधी बघ." सोलापूरच्या वाड्यांत, चाळींत, दुकानांत, सगळीकडे शहाबादी फरशी. गुलबर्ग्याच्या पुढे शहाबाद, मग वाडी जंक्शन. गाडीत आईनं बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सगळ्यांत वाटून संपली आणि आम्ही खाणीत उतरलो.

निळसर करड्या चुनखडकाचे पातळ थर एकावर एक, इतके सरळ की मजूर फटीत पहार सारून अख्खी फरशी उचलत होते. सरांनी आम्हाला तिथे फार वेळ रेंगाळू दिलं नाही. त्यांना दाखवायची होती ती त्या चुनखडकाची कड. जिथे हा सरळ, आडवा खडक एकाएकी वाकतो, तिरपा होतो, चुरा होतो, आणि त्याच्या शेजारी, त्याच पातळीवर, लालसर ग्रॅनाइट उभा असतो. ग्रॅनाइट तर चुनखडकाच्या खाली असायला हवा. तो शेजारी कसा आला? सर कडेला उभे राहिले, एक पाय ग्रॅनाइटवर, एक चुनखडकावर, आणि म्हणाले, "हा विभंग. इथे जमीन तुटली आणि एक बाजू खाली गेली. खाली गेलेल्या जागेत उथळ समुद्र शिरला आणि त्यात चुन्याचा चिखल साचत राहिला. तुमच्या घरातली फरशी म्हणजे त्या खचलेल्या जागेतला गाळ."

त्या खचलेल्या प्रदेशाला भीमा द्रोणी म्हणतात. पृथ्वीवर प्राणिसृष्टी अवतरली त्याच्याही आधीची ती आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली दक्षिण महाराष्ट्राच्या भूगर्भावर लिहिलेल्या ग्रंथानंतर पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासक तिथे गेले. पुण्याच्या काळे आणि पेशवा यांनी १९९५ मध्ये या द्रोणीवर लिहिलेलं पुस्तक मी अजून हाताशी ठेवते. द्रोणी कशी उघडली, तिच्या कडा कुठल्या विभंगांनी कापल्या, पुढे त्याच विभंगांवर उलट दाब येऊन गोगीसारख्या ठिकाणी ग्रॅनाइट चुनखडकाच्या अंगावर कसा चढला, हे सगळं त्या कडेवर वाचता येतं. जमीन एकदा तुटली की ती तूट कायमची राहते. पुढे कधी ताण आला, कधी दाब आला, तरी हालचाल होते ती त्याच जुन्या तुटीवर. हे वाक्य सरांनी तेव्हा वहीत लिहून घ्यायला लावलं होतं. त्याचा अर्थ पुढे किल्लारीत कळायचा होता.

पुण्यात गेल्यावर मी सह्याद्रीकडे वळले. इथेही माझं काम उभं राहिलं ते दुसऱ्यांच्या खांद्यावर. क्लिफ ऑलिअर आणि के. बी. पोवार यांचा १९८५ चा निबंध हाती आला आणि घाटाकडे बघायची नजर बदलली. सह्याद्री हा हिमालयासारखा घड्या पडून वर आलेला पर्वत नाही. ती पठाराची तुटलेली कड आहे. भीमा भीमाशंकरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते, पंढरपूरला चंद्रभागा होते, सोलापूरच्या दक्षिणेनं कर्नाटकात शिरते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी अखेर बंगालच्या उपसागराला जातं. असं का? कारण भारताचा पश्चिम किनारा तुटताना कड उचलली गेली आणि जमिनीचा उतार पूर्वेला राहिला. आधी मादागास्कर वेगळं झालं, मग लाव्ह्याच्या उद्रेकांपाठोपाठ सेशेल्स. कडेच्या या बाजूला सह्याद्री राहिला, त्या बाजूला जमीन पायरीपायरीनं खचत समुद्राखाली गेली.

आणि त्या खचलेल्या बाजूला काय झालं? तिथे मुंबईसमोरच्या समुद्रात गाळाची द्रोणी तयार झाली. तळाला आपलाच काळा बेसाल्ट, त्याच्यावर गाळाचे, चुनखडकाचे जाड थर. त्याच थरांत १९७४ साली सागर सम्राटनं मुंबई हायला तेल शोधून काढलं. सर म्हणत, "डोंगराचा हिशेब द्रोणीत लागतो." घाटाची कड झिजत झिजत पूर्वेला मागे हटली, तिच्यातला बराचसा दगड पश्चिमेच्या नद्यांनी समुद्रात नेऊन टाकला. जिथून दगड गेला तिथलं ओझं हलकं झालं आणि कवच वर आलं, जिथे तो साचला तिथलं कवच आणखी वाकलं. विडोसन आणि कॉक्स यांनी १९९६ मध्ये कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या जांभ्याच्या उंचीवरून आणि नद्यांच्या वळणांवरून हे उचलणं मोजून दाखवलं. उत्तरेतही रीत तीच, फक्त कारण उलटं. तिथे भारताचा भूपट्ट आशियाखाली शिरतो, हिमालयाच्या भारानं पुढची जमीन वाकते आणि त्या वाकलेल्या खोलगटात गंगेचं मैदान भरत जातं. पर्वत आणि द्रोणी असे दोन वेगळे विषय नाहीतच, हे मला समजलं ते या माणसांमुळे.

याच काळात एका निबंधात माझ्या गावाचं नाव सापडलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले कृष्ण ब्रह्मम आणि जनार्दन नेगी यांनी १९७३ मध्ये दख्खनभर गुरुत्वाकर्षणाची मोजणी तपासून म्हटलं होतं की लाव्ह्याच्या खाली दोन खचदऱ्या पुरलेल्या असाव्यात : एक कोयनेची, दुसरी कुर्डुवाडीची. ज्या रुळांवर माझे वडील छोटी गाडी चालती ठेवत होते, त्या रुळांच्या खाली, बेसाल्टच्या खाली, एखादी प्राचीन दरी असेल? गुरुत्व तिथे कमी भरतं, म्हणजे खाली कमी घनतेचं काहीतरी आहे, हा त्यांचा तर्क. भीमा द्रोणी पश्चिमेला लाव्ह्याखाली शिरते हे मी शहाबादला पाहिलंच होतं. तिचा गाळ इथवर आला असेल का? या प्रश्नानं मला अनेक वर्षं कामाला लावलं. पेशवा आणि काळे यांनी १९९७ मध्ये कुर्डुवाडीच्या याच रेषेवर अलीकडच्या हालचालींचा शोध घेतला, तेव्हा आपण एकटे नाही असं वाटलं.

उत्तर शेवटी छिद्रं घेऊनच मिळायचं होतं. कोयनेच्या भागात खोल छिद्रं घेतली गेली, २०१७ पर्यंत एक तर तीन किलोमीटर खोल गेलं. तिथे बेसाल्टची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाली आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइटजातीचा जुना खडक. मध्ये गाळ नाही. म्हणजे कोयनेखाली तरी गाळानं भरलेली खचदरी नाही. पण ब्रह्मम आणि नेगी यांनी ती कल्पना मांडली नसती तर खाली बघायची इतकी ओढ कुणाला लागली नसती. विज्ञानात टिकलेल्या उत्तरांचं ऋण सगळे मान्य करतात. न टिकलेल्या चांगल्या प्रश्नाचंही ऋण असतं, आणि कुर्डुवाडीची मुलगी म्हणून मी ते मानते.

आता सगळ्यात मोठं देणं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं. भूकंपाची तीव्रता ६.२. सोलापुरातही माणसं रस्त्यावर आली आणि उजाडल्यावर जखमींना घेऊन गाड्या शहरातल्या दवाखान्यांकडे येऊ लागल्या. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावंच्या गावं मातीत गेली. आठ-दहा हजार माणसं दगावली.

काही आठवड्यांनी एका अभ्यासगटाबरोबर मी तिथे गेले. किल्लारीजवळच्या एका शेतात जमीन एका रेषेत उचलली गेली होती. कुठे वीतभर, कुठे गुडघ्याइतकी. तिच्या अंगावर काळी माती दुमडून ढेकळं उलटी झालेली. लांबी किलोमीटरभर. इतक्या लहान पायरीनं इतका विध्वंस केला, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नव्हता. ज्यांचं शेत, त्या मावशी शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. घरातली किती माणसं गेली ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यांनी आम्हाला शेतात चर खणू दिला आणि दुपारी काळा चहा आणून दिला. मी चराच्या भिंतीला ब्रश मारत होते. त्या काठावर बसून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, तुमाला खालचं दिसतंय म्हणत्यात. मंग आमाला कुणी आदी का न्हाई सांगितलं?"

त्यांच्या शेतानं आम्हाला जे शिकवलं ते आज जगभरच्या अभ्यासकांच्या कामी येतं. तिथे पुढे घेतलेल्या एका छिद्रात ३३८ मीटर बेसाल्ट निघाला, खाली जेमतेम ८ मीटर गाळ, मग ग्रॅनाइटजातीचा जुना पाया. पायरीच्या दोन्ही बाजूंना घेतलेल्या छिद्रांत खालचे लाव्ह्याचे थर वरच्या पायरीपेक्षा कितीतरी जास्त सरकलेले आढळले. म्हणजे ही तूट १९९३ ची नव्हती. त्याआधीही ती हलली होती, माणसाच्या आठवणीच्या पलीकडे. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेला सरकतो आणि हिमालयाशी अडतो. तो दाब सगळ्या द्वीपकल्पात पोहोचतो आणि जुन्या तुटींवर साचत जातो. हिमालय उचलणारा हात तोच, किल्लारीला हलवणाराही तोच. आमचा मुलूख सपाट होता, पण शांत कधीच नव्हता.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर देताना हे सगळं सांगून भागत नाही. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या वर्गात होती. आदल्या वर्षी तिथे लहान धक्के बसले होते, तरी दख्खनचं पठार स्थिर असतं ही समजूत सगळीकडे मुरलेली होती. २००२ साली तो पहिला वर्गच नकाशातून काढून टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात घातला. ही दुरुस्ती त्या हजारो मृतांच्या जिवावर झाली. मी पुढे जे काही शिकवलं, लिहिलं, त्यातलं निम्मं ज्ञान तिथून आलेलं आहे. आप्पांचं, केळकरांचं, सरांचं देणं मी आनंदानं मिरवते. हे देणं मिरवता येत नाही. ते रोज द्यावं लागतं.

म्हणून गेली अनेक वर्षं माढा, बार्शी, मोहोळ, उमरगा या भागांत शाळांत आणि गवंड्यांसमोर बसून मी बोलते. पुढचा भूकंप कधी, हे मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. पण त्या पहाटे माणसं भूकंपानं मेली नाहीत, घरांखाली मेली, हे मी सांगू शकते. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात भिंतीचे दोन वेगवेगळे पदर असतात, मध्ये मातीत बसवलेले वेडेवाकडे दगड, वर लाकडावर दर पावसाळ्यागणिक चढत गेलेली मातीची जाड पोळी. उन्हाळ्यात गारवा देणारं हे घर हललं की भिंतीचे पदर सुटतात आणि ती टनावारी माती झोपलेल्या माणसावर येते. तेव्हा दगडी भिंत बांधायची असेल तर दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घाला. दाराखिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा. यासाठी भूवैज्ञानिक व्हावं लागत नाही, खर्चही फार येत नाही. खाली काय आहे हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्या वतीनं एवढं सांगण्याचा माझा हक्क आहे आणि ते ऐकून घ्या म्हणून मी गावोगाव हात जोडते.